रंगरूटाचे दिवस: बेळगाव, 1940 ते 1945

20 जून 1942 रोजी लिबियातल्या तोब्रुकवर जर्मन सेनापती रोमेलने निर्णायक हल्ला चढवला. आग्नेय बाजूच्या ज्या फळीवर त्याची विमाने, तोफा आणि रणगाडे सकाळपासून तुटून पडले, ती सांभाळत होती 11 वी हिंदी ब्रिगेड, आणि त्या ब्रिगेडमध्ये होती मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण. फौजेत तिला ‘काळी पाचवी’ म्हणत. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले. सुमारे 33,000 सैनिक कैद झाले आणि त्यांत ही जुनी, नावाजलेली पलटणही गेली.

त्या दिवशी हजारो मैल दूर, बेळगावच्या कॅम्पात, रोजच्यासारखीच परेड सुरू असणार. रणांगणावर गमावलेल्या मराठा सैनिकांच्या जागी नवी माणसे उभी करायची ती याच ठिकाणाहून. तोब्रुक पडल्याची बातमी लंडनला आणि दिल्लीला मोठा राजकीय धक्का देऊन गेली. बेळगावात तिचा अर्थ सरळ होता: आणखी रंगरूट हवेत, आणि लवकर हवेत.

महायुद्धाचा इतिहास आपण लढायांच्या नावांनी वाचतो. केरेन, तोब्रुक, सांगशाक, सेनिओ. पण त्या प्रत्येक नावामागे काही महिने असे आहेत, ज्यांत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा किंवा नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातला पोरगा सैनिक झाला. ते महिने पराक्रमाचे नव्हते. पहाटे उठणे, पायाला फोड येणे, रायफल पुसणे, अक्षरे गिरवणे आणि ताटात काय पडते ते पाहणे, असे ते दिवस होते. ते समजून घेतल्याशिवाय पुढच्या पराक्रमाचाही अर्थ पुरता लागत नाही.

पलटणीची शाळा

1922 साली हिंदी फौजेची फेररचना झाली आणि जुन्या मराठा पलटणी ‘5 वी मराठा लाइट इन्फंट्री’ या एका रेजिमेंटमध्ये आल्या. लढणाऱ्या पाच पलटणी आणि एक दहावी. ही दहावी पलटण म्हणजे पहिल्या महायुद्धात नाव कमावलेली 114 वी मराठा. नव्या रचनेत तिच्याकडे रंगरूट घडवण्याचे काम आले आणि तिचे ठाणे बेळगावात पडले. दुसऱ्या महायुद्धात याच प्रशिक्षण पलटणीचे रेजिमेंटल सेंटर झाले.

बेळगावची निवड सोयीची होती. समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवरचे हे गाव हवेला थंड. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला घाट उतरला की कोकण. पुण्याहून सातारा, मिरज करत येणारी मीटरगेज रेल्वे देशावरचा रंगरूट थेट आणून सोडायची. सावंतवाडीकडचा गडी आंबोलीचा घाट चढून यायचा. पावसाळा मात्र भरपूर. जून ते सप्टेंबर लाल चिखलात परेड, चिखलात रांगणे आणि संध्याकाळी तोच चिखल बुटांवरून, पट्ट्यांवरून आणि रायफलीवरून काढणे, हे तिथे शिकलेल्या कुणालाच चुकले नाही.

1939 मध्ये हिंदी फौज होती सुमारे दोन लाखांची. 1945 मध्ये ती 25 लाखांवर गेली. एवढ्या माणसांवर सक्ती कुणी केली नव्हती, हे नेहमी सांगितले जाते आणि कायद्याच्या अर्थाने ते खरेही आहे. पण घरात दाणा नसलेल्या माणसाच्या स्वेच्छेचे वजन किती धरायचे, हा प्रश्न त्या वाक्यात दबून जातो.

दख्खनी मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान अशी या रेजिमेंटची ठरलेली भरती. बहुतेकांच्या घरी दोन-चार एकर कोरडवाहू जमीन, तीत भावांचे वाटे आणि सावकाराचे देणे. कोकणातल्या घरात एक पोर मुंबईच्या गिरणीत आणि एक पलटणीत, ही जुनीच रीत. साताऱ्याकडे अपशिंग्यासारखी गावे होती, जिथे घराघरातून माणूस फौजेत जायचा. चुलता किंवा आजा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेलेला असायचा. त्याने कूत-अल-अमाराच्या वेढ्यातली उपासमार सोसलेली असायची, तरी पेन्शनीचा आणि पलटणीच्या नावाचा मान गावात त्यालाच मिळायचा. पोर तोच मान बघून वाढलेले. त्यामुळे भरतीच्या रांगेत नुसती भूक उभी नव्हती. घराण्याची चाल होती, गाव सोडून जग बघायची ओढ होती आणि सोळा रुपयांची नियमित मिळकतही होती.

युद्धाच्या सुरुवातीला शिपायाचा मूळ पगार महिना 16 रुपये होता, पुढे तो 18 झाला. अन्न, कपडे आणि राहणे सरकारी. पगारातला मोठा हिस्सा घरी लावून देता यायचा. पोस्टमन दर महिन्याला दारात येऊन रोख पैसे मोजतो, हे दृश्य कोरडवाहू गावात साधे नव्हते.

पहिले दिवस

भरतीच्या वेळी उंची, छाती, वजन, डोळे, दात आणि पाय बघत. बेळगावात आल्यावर पुन्हा सगळी तपासणी. केस बारीक कापले जायचे. देवीची लस टोचायची, विषमज्वराची सुई द्यायची आणि त्या सुईने एक-दोन दिवस अंगात कणकण भरायची. मग सामान मिळायचे: खाकी कपडे, घोंगडी, मग, ताट, पायाच्या पट्ट्या आणि बूट.

या बुटांपाशी थोडे थांबायला हवे. जाड कातड्याचे, तळाला लोखंडी खिळे ठोकलेले आणि टाचेला नाल मारलेले हे बूट. जन्मभर अनवाणी किंवा कोल्हापुरी वहाणेवर चाललेल्या माणसाचा पाय पुढे पसरलेला असतो, बोटे सुटी असतात. तो पाय त्या बुटात कोंबला की पहिल्या आठवड्यातच टाच सोलवटायची, करंगळीवर फोड यायचा. फोड फुटला तरी परेड चुकायची नाही. म्हणून जुने शिपाई नव्यांना पहिली विद्या शिकवायचे ती बुटांची: तेल देऊन कातडे मऊ कसे करायचे, मोज्याला चुणी कशी पडू द्यायची नाही, आणि पट्टी घोट्यापासून वर अशी गुंडाळायची की धावताना सुटणार नाही आणि रक्तही अडणार नाही. पायदळाचा सारा हिशेब पायावर चालतो, म्हणून अधिकारी संध्याकाळी रंगरूटांचे पाय तपासायचे. आपले तळवे एखादा साहेब वाकून बघतोय, हा अनुभव खेड्यातल्या पोराला नवाच होता.

मग यायचे पाऊल. साधे पायदळ मिनिटाला 120 पावले टाकते, लाइट इन्फंट्रीची चाल 140 ची. ती चाल या रेजिमेंटचा मानबिंदू होती. हुकूम मात्र सगळे इंग्रजीत. अर्थ न कळता नुसत्या आवाजाच्या हेलावरून कधी वळायचे, कधी थांबायचे आणि कधी रायफल खांद्यावर घ्यायची, हे रंगरूट शिकत गेले. शिकवणारे हवालदार आणि नाईक त्यांच्यातलेच, पाच-दहा वर्षे आधी आलेले. त्यांना उस्ताद म्हणायचे. चूक झाली की उस्तादाची शिवी अस्सल मराठीत यायची आणि पाठीवर भरलेला पिट्टू घालून मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा मिळायची.

दिवसाचा गाडा

बिगूल उजाडायच्या आत वाजायचा. उठून खाटेवरची घोंगडी ठरल्या घडीने रचायची, दाढी करायची, मगभर गोड चहा घ्यायचा आणि पी.टी.ला पळायचे. कुस्तीच्या तालमीत घुमलेली पोरे जोर-बैठकांना मागे हटत नसत. पण दोरावर चढणे, भिंत ओलांडणे, सगळ्यांनी एका ठेक्यात हात उचलणे हे वेगळे होते. तालमीतली ताकद एकट्याची असते. इथे तीस जणांची ताकद एका हुकमाखाली आणायची होती.

न्याहारीनंतर ड्रिल, मग हत्यारांचे तास. दुपारच्या जेवणानंतर थोडी विश्रांती, मग शाळा, संध्याकाळी खेळ: हॉकी, फुटबॉल, कबड्डी. दिवस मावळताना गिनती, हत्यारांची सफाई, लंगरातले जेवण आणि पुन्हा बिगूल. मधल्या वेळेत फटीक म्हणजे अंगमेहनतीची कामे असायचीच: चर खणणे, पाणी वाहणे, मैदान साफ करणे. आठवड्याचे वेळापत्रक असे भरलेले की घरची आठवण यायला बराकीतली रात्रच तेवढी उरायची.

हत्यारांच्या तासाला रंगरूट खऱ्या अर्थाने शिपाई व्हायला लागायचा. त्याच्या हातात यायची ती .303 ली-एन्फील्ड रायफल. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती तयार व्हायची. वजन साधारण चार किलो, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी भरायच्या. पुढे लावायच्या संगिनीचे पाते 17 इंचांचे. गोळी झाडायला मिळण्याआधी कित्येक आठवडे मोकळ्या रायफलीवर सराव चालायचा. दस्ता खांद्यात घट्ट रुतवायचा, गाल लाकडाला लावायचा, श्वास अर्धा सोडून धरायचा आणि घोडा दोन टप्प्यांत दाबायचा: पहिला टप्पा ढिला, दुसरा जड. दुसऱ्या टप्प्यावर बोट झटकले की नेम गेला. नांगराची मूठ धरून कणखर झालेल्या बोटाला ही नाजूक चाल शिकवायला उस्ताद जीव तोडायचे.

रायफलीच्या दस्त्याच्या तळाशी पितळेचे एक छोटे झाकण असायचे. ते उघडले की आत पितळी तेलकुपी आणि गुंडाळलेली दोरी. या दोरीला पुलथ्रू म्हणत. तिच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाच्या फासात फ्लॅनेलची चिंधी अडकवायची. वजन मागून नळीत सोडायचे, पुढून बाहेर आले की दोरी एका दमात खेचायची. मध्ये थांबायचे नाही, नाहीतर चिंधी अडकते. गोळीबार झालेल्या दिवशी आधी नळीत उकळते पाणी ओतावे लागे, कारण त्या काळच्या काडतुसांचा क्षार आत राहिला की रात्रीतून गंज धरायचा. मग कोरडी चिंधी, मग तेलाची. तपासणीला उस्ताद नळी उजेडाकडे धरून आत बघायचा. आतले वळणदार आटे आरशासारखे चमकले तर ठीक. ठिपका दिसला तर पिट्टू पाठीवर.

या सफाईचा धाक शिक्षेच्या पलीकडचा होता. वाळूत किंवा चिखलात अडकलेली रायफल म्हणजे स्वतःचा आणि शेजाऱ्याचा जीव, हे उस्तादांनी पाहिलेले होते. म्हणून रोज, न चुकता, तेच काम त्याच क्रमाने. अंधारात हात आपोआप चालायला हवेत इतके.

युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत सगळीकडेच नव्या हत्यारांचा तुटवडा होता. लाइट मशीनगन म्हणून हिंदी फौजेकडे व्हिकर्स-बर्थिए होती, ब्रेन पुढे मिळत गेली. रंगरूट जास्त, बंदुका कमी आणि शिकवणारे त्याहून कमी. नव्या पलटणी उभ्या करण्यासाठी जुन्या पलटणींतले अनुभवी नाईक, हवालदार आणि जमादार काढून घेतले जात होते. त्यामुळे कच्चे शिपाई कच्च्या पलटणींत जायचे. मलायात आणि ब्रह्मदेशात 1941–42 मध्ये हिंदी फौजेची जी दाणादाण उडाली, तिच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. जपानी रणगाडे समोर आले तेव्हा रणगाडा जन्मात पहिल्यांदाच पाहणारे शिपाई तिथे उभे होते. त्यांच्या धैर्याला दोष देता येत नाही. दोष होता घाईत उरकलेल्या प्रशिक्षणाचा.

ताट आणि पाटी

रंगरूटाच्या शरीरात सगळ्यात मोठा फरक ज्या गोष्टीने पडला, ती होती लंगर. गव्हाचे पीठ किंवा तांदूळ, डाळ, तूप, साखर, भाजी, बटाटे, चहा आणि ठरल्या दिवशी मटण, असा शिधा माणशी मोजून मिळायचा. ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा यावर वाढलेल्या घाटावरच्या पोराला गव्हाची पोळी म्हणजे सणाचे जेवण. नाचणी आणि भातावर वाढलेल्या कोकण्याला तूप रोज ताटात दिसणे हेच नवल. काही महिन्यांतच पोरांची वजने वाढायची, छात्या भरायच्या. फौजेच्या डॉक्टरांच्याही हे ध्यानात आले होते की भरतीला आलेला माणूस बहुधा आजारी नसतो, तो अर्धपोटी असतो.

याच काळात बाहेर काय चालले होते? 1942–43 मध्ये बेळगावशेजारच्या विजापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला. 1943 मध्ये बंगालमध्ये सुमारे 30 लाख माणसे उपासमारीने आणि रोगाने मेली. बाजारातले भाव युद्धाआधीच्या दुपटीच्याही पुढे गेले, त्यामुळे घरी धाडलेल्या रुपयांची किंमत निम्म्याहून खाली आली. राज्यकर्त्यांनी हिंदी शेतकऱ्याच्या भुकेची मोजदाद केली ती त्याला युद्धावर पाठवायची वेळ आली तेव्हा. ज्या सरकारला त्याच्या आईच्या चुलीची फिकीर नव्हती, त्याच सरकारने त्याच्या ताटातले तूप मोजून दिले. लंगरातले जेवण चांगले होते हे खरे, आणि त्या चांगुलपणाची किंमत तो पोरगा आपल्या जिवाने भरणार होता, हेही तितकेच खरे.

तीच गोष्ट शाळेची. आलेल्यांपैकी पुष्कळांनी भरतीच्या कागदावर अंगठा उठवलेला असायचा. फौजेची भाषा हिंदुस्थानी आणि तिची लिपी रोमन. मराठी पोराला आधी हिंदुस्थानी बोलायची, मग ती इंग्रजी अक्षरांत लिहायची. नकाशा वाचायला, निरोप लिहून घ्यायला, रायफलीच्या नेमपट्टीवरचे आकडे समजायला अक्षर लागतेच. शिवाय शिक्षणाचे प्रमाणपत्र नसेल तर नाइकाची फीत मिळायची नाही. पाटीवर गिरवताना कपाळाला घाम फुटलेली ही दणकट पोरे काही महिन्यांनी स्वतःचे नाव लिहायला लागायची. घरी पत्र मात्र मराठीतच जायचे, येत नसेल तर शेजारच्या खाटेवरच्याकडून लिहून घ्यायचे. त्यात पाऊसपाणी, बैल, कर्जाचा हप्ता, बहिणीचे लग्न. गावाकडून उत्तर यायचे ते मास्तराने किंवा कुळकर्ण्याने लिहिलेले. नवरा-बायकोचा संसार असा दोन परक्या हातांच्या मधून चालायचा.

त्याच गावात दुसरी कवायत

1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावातच आणखी एक पलटण उभी राहिली: महार रेजिमेंटची पहिली बटालियन. तिच्या मागे अर्धशतकाचा अन्याय होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून महारांनी मुंबईच्या फौजेत नोकरी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. पण ‘लढाऊ जाती’च्या सिद्धांताने जोर धरला आणि 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली गेली आणि गरज संपताच 1921 मध्ये मोडली.

जुलै 1941 मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्यांनी हा प्रश्न लावून धरला. बेळगावात पहिली आणि 1942 मध्ये कामठीला दुसरी बटालियन उभी राहिली. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगाव भीमाचा स्तंभ आला.

या पोरांसाठी परेडच्या मैदानाचा अर्थ आणखी खोल होता. गावात ज्याला विहिरीला हात लावू देत नसत, त्याच्या हातात सरकारने रायफल दिली. गावाच्या वाटेवर ज्याने अंग चोरून चालायचे, त्याला इथे छाती काढून चालायचा हुकूम होता. सुट्टीवर खाकी कपड्यांत घरी गेलेल्या शिपायाने गावच्या जुन्या रिवाजाला नुसत्या उभे राहण्यातून आव्हान दिले. फौजेने जात मोडली असे म्हणता येत नाही. जातवार पलटणी हीच तिची रचना होती. पण सन्मानाने उभे राहण्याची सवय एकदा अंगाला लागली की ती वर्दीबरोबर काढून ठेवता येत नाही, आणि पुढच्या सामाजिक चळवळीला तिचा उपयोग झाला.

देशात उठाव, बराकीत शपथ

बेळगाव म्हणजे 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाचे गाव. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन. अठरा वर्षांनी, ऑगस्ट 1942 मध्ये, ‘छोडो भारत’ची हाक आली तेव्हा त्याच गावात हजारो तरुण ब्रिटिश राजाच्या नावाने शपथ घेण्याची तयारी करत होते.

सगळ्यात मोठा पेच साताऱ्याचा. मराठा पलटणींना माणसे पुरवणारा हा जिल्हा, आणि 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचाही हाच जिल्हा. कुंडलच्या परिसरात जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या तुफान सेनेची कवायत चालायची. 7 जून 1943 ला याच सैनिकांनी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम लुटली. ही तीच पुणे-मिरज लाइन, जिच्यावरून रंगरूट बेळगावला यायचे. एकाच मातीतली, एकाच वयाची पोरे, एकाच रुळांच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या सेनांत उभी होती.

यातल्या एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला भाडोत्री ठरवणे सोपे आहे, आणि बरीच वर्षे आपण तसेच केले. पण भरतीला गेलेल्या पोराला देशाची पारख नव्हती असे मानणे त्याच्यावर अन्याय आहे. त्याने कुणासाठी शपथ घेतली, आणि प्रत्यक्षात तो कशासाठी लढला, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शपथेत राजाचे नाव होते. लढाईत त्याच्या तोंडी यायचे ते शिवाजी महाराजांचे. दसऱ्याला बराकीत रायफलींची पूजा मांडली जायची, झेंडू आणि आपट्याची पाने हत्यारांवर वाहिली जायची. परक्या राज्याच्या वर्दीत त्याने आपला इतिहास सोबत नेला होता. शेजारच्या खाटेवरचा मित्र, पलटणीचे नाव आणि गावात मान खाली जाऊ नये ही काळजी, या तीन गोष्टींवर तो उभा होता.

1943 नंतर

ब्रह्मदेशातल्या आराकानमधल्या पराभवानंतर 1943 च्या उन्हाळ्यात फौजेने स्वतःचे कठोर परीक्षण केले. पायदळाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीने स्पष्ट सांगितले की रंगरूट अपुऱ्या तयारीने रणांगणावर जात आहेत. यावर उपाय ठरला: सेंटरमध्ये नऊ महिन्यांचे मूळ शिक्षण, त्यानंतर दोन महिने जंगलयुद्धाचे. त्यासाठी दोन डिव्हिजन लढाईतून काढून केवळ प्रशिक्षणाला लावल्या गेल्या, 14 वी छिंदवाड्याला आणि 39 वी सहारनपूरला.

रंगरूटाच्या दिवसाचा रंगही पालटला. खाकीच्या जागी जंगलात लपणारा हिरवा रंग आला. मैदानातल्या सरळ रांगांचे तास कमी झाले, रात्रीच्या गस्ती वाढल्या. आवाज न करता चालणे, होकायंत्रावर दिशा धरणे, खंदक खणून त्यात रात्र काढणे, बरोबरच्या कोरड्या शिध्यावर दिवस भागवणे. आणि मलेरियापासून स्वतःला वाचवणे. जनरल स्लिम यांनी लिहून ठेवले आहे की 1943 मध्ये त्यांच्या आघाडीवर एका जखमी सैनिकामागे 120 आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते. म्हणून संध्याकाळी बाह्या खाली, पाय झाकलेले आणि मेपाक्रिनची कडू पिवळी गोळी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत गिळायची, ही शिस्त गोळीबाराच्या शिस्तीइतकीच कडक झाली. 1944 आणि 1945 मध्ये ब्रह्मदेशात ज्या हिंदी फौजेने जपान्यांना मागे रेटले, ती 1942 मध्ये हरलेल्या फौजेपेक्षा फार वेगळी होती. माणसे त्याच गावांतली होती. फरक शिकवण्याचा होता.

शिक्षण पुरे झाले की कसम परेड. धर्मग्रंथाला स्मरून शपथ, मग थोड्या दिवसांची सुट्टी आणि मग बोलावणे. कुणी मणिपुरातल्या सांगशाकच्या टेकड्यांवर गेला, तिथे मार्च 1944 मध्ये चौथ्या मराठा पलटणीने पॅराशूट ब्रिगेडच्या खांद्याला खांदा लावून जपान्यांना अडवून धरले. कुणी इटलीत गेला. 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या खोऱ्यात माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे जण मरण पावले किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड आणि टॉमीगन वापरून झाल्यावर शेवटच्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने लोळवले, आणि मग त्यांना गोळी लागली. वय अवघे बावीस. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून वाहून नेले, मशीनगनची ठाणी निकामी केली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर.

त्या क्षणांची बहादुरी त्यांची स्वतःची. पण हातातले हत्यार संपले की दुसरे कोणते घ्यायचे, जखमीला कसे उचलायचे, आगीखाली पाय पुढे कसा टाकायचा, हे शरीराला आधीच शिकवलेले होते. पराक्रम एका दिवसाचा असतो, त्याची मशागत अनेक महिन्यांची.

आता करायचे काम

या युद्धात हिंदी फौजेचे 87,000 सैनिक कामी आले. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना 1946 च्या सुमारास फौजेने मोकळे केले. ते थोडी अक्षरओळख, थोडा पैसा, थोडी रोमन हिंदुस्थानी आणि पुष्कळ न सांगितलेले घेऊन गावी परतले. स्वातंत्र्याच्या उत्साहात त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. त्यांनीही फारसे सांगितले नाही.

परदेशांत साध्या शिपायांची पत्रे, रोजनिश्या आणि आठवणी पिढ्यान्‌पिढ्या जपून, छापून ठेवल्या गेल्या. आपल्याकडे असे कागद फार थोडे, कारण लिहिणारे थोडे होते. तरी काहीच नाही असे नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या अनेक घरांत अजून पत्र्याची ट्रंक असते, तिच्यात डिस्चार्ज बुक, एखादे पदक, पेन्शनीचे कागद, पलटणीत काढलेला एखादा फोटो. डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख, पलटण आणि नोकरीचा हिशेब असतो. एवढ्यावरूनही एका माणसाचे बेळगावचे दिवस उभे करता येतात. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी, तालुक्याच्या वाचनालयांनी आणि गावच्या शाळांनी हे कागद बघून, त्यांची छायाचित्रे घेऊन, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून ते नोंदवले पाहिजे. प्रतिसरकारच्या सैनिकांचा इतिहास आपण उशिरा का होईना लिहिला. त्याच गावातून दुसऱ्या दिशेची गाडी पकडलेल्या पोरांचाही तो हक्क आहे. त्यांना जवळून ओळखणारी माणसे आता कमी होत चालली आहेत, म्हणून हे काम पुढच्या पिढीवर सोडता येणार नाही.